जागल्या

लॅपटॉपची बॅटरी या क्षणी नेमकी किती वीज देते आहे, हे सांगणारी एक लहानशी फाईल लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असते. तिच्यात एकच आकडा असतो, आणि तो वॅटमध्ये नसून मायक्रोवॅटमध्ये असल्यामुळे बहुधा सात अंकी असतो. 9400000 दिसले की 9.4 वॅट समजायचे. काही बॅटऱ्या शक्तीऐवजी विद्युतधारा सांगतात आणि तिला व्होल्टेजने गुणण्याचे काम आपल्यावर टाकतात; माझी बॅटरी त्या मानाने सरळ होती.

एका रात्री मी चार्जर काढला, ब्राउझरसकट सगळे प्रोग्रॅम बंद केले, पडदा मंद केला आणि दर सेकंदाला ती फाईल वाचून आकडा छापणारी एक ओळ टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, लिहून बसलो. वीज वाचवणारे साधन मी त्याच संध्याकाळी बसवले होते आणि त्याचा गुण डोळ्यांनी पाहायचा होता. आकडे एकाखाली एक सरकत होते, पण खाली म्हणून येत नव्हते. साधनाच्या सेटिंगमध्ये दोन-तीन बदल केले, तरी तेच. शेवटी वैतागून ती ओळ थांबवली, पाय मोकळे करायला उठलो आणि दहा-बारा मिनिटांनी परत येऊन फाईल एकदाच वाचली, तर आकडा चांगला वॅटभराने उतरलेला होता. आनंदाने पुन्हा दर सेकंदाची ओळ सुरू केली, आणि थोड्याच वेळात आकडा होता तिथे जाऊन बसला.

काय घडत होते हे लक्षात यायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. दर सेकंदाला एक नवी प्रक्रिया, म्हणजे चालू प्रोग्रॅम, जन्माला येत होती, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल बॅटरीची चौकशी करायला लॅपटॉपमधल्या त्या सावकाश बोलणाऱ्या छोट्या कंट्रोलरकडे जात होता, टर्मिनल एक ओळ वर सरकवत होते आणि त्यासाठी पडदा नव्याने रंगवला जात होता. झोपू पाहणाऱ्या माणसाला दर सेकंदाला हलवून ‘झोपलास का?’ असे विचारावे, आणि वर तो झोपत नाही म्हणून कुरकुर करावी, तसा तो प्रकार होता.

डीमन या शब्दाकडे मी त्या रात्रीनंतर जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. युनिक्सच्या कुळातल्या संगणकांवर पडद्यामागे, कोणत्याही टर्मिनलला न बांधलेली, वापरणारा समोर असो वा नसो आपले काम करत राहणारी जी प्रक्रिया असते तिला डीमन म्हणतात, आणि तिच्या नावाच्या शेवटी बहुधा डी लावतात. हा शब्द 1963 च्या सुमारास एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅक या संगणक-संशोधन प्रकल्पात रुळला, आणि तो मॅक्सवेलच्या राक्षसावरून घेतला होता असे त्या प्रकल्पाचे फर्नांडो कोर्बातो यांनी पुढे सांगितले. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1867 साली कल्पिलेला हा राक्षस वायूने भरलेल्या दोन कप्प्यांमधल्या चिमुकल्या दारावर बसतो, वेगवान रेणूंना एका बाजूला आणि मंद रेणूंना दुसऱ्या बाजूला जाऊ देतो, आणि अशा रीतीने काहीही खर्च न करता एक कप्पा गरम व दुसरा गार करून दाखवतो. उष्णता गाराकडून गरमाकडे आपोआप जात नाही असे सांगणाऱ्या उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाला हे चालण्यासारखे नव्हते. लिओ सिलार्ड यांनी 1929 साली या हिशेबातली फट दाखवली: राक्षसाला रेणूंची माहिती मिळवावी लागते, आणि ती फुकट मिळत नाही. रोल्फ लँडाउअर यांच्या 1961 च्या कामानंतर असे दिसू लागले की खर्चाची खरी जागा पाहण्यात नसून पाहिलेले पुसण्यात आहे. तपशील कसाही मांडला, तरी दारावर बसणाऱ्याचा खर्च हिशेबात धरावाच लागतो.

वीज वाचवणारा डीमन हा या राक्षसाचा सगळ्यात जवळचा नातलग म्हणावा लागेल, कारण तोही ऊर्जेच्याच दारावर बसतो. मला मात्र त्याच्यासाठी जागल्या हा आपला शब्द अधिक जवळचा वाटतो. सगळे झोपावेत म्हणून एक जण जागा राहतो. अट एवढीच, की त्याने फेरी मारताना दर दारावर काठी आपटू नये. आपल्या गोष्टींतले भूत सतत काम मागते आणि काम मिळाले नाही तर धन्यालाच खायला उठते, म्हणून धनी त्याला अंगणात खांब रोवून त्यावर चढ-उतर करत राहायला सांगतो. संगणकातले पुष्कळ डीमन दिवसभर नेमके हेच करत असतात, आणि त्या चढ-उतरीचे वीजबिल बॅटरी भरते.

वीज वाचवण्याविषयीची माझी मूळ समजूत अगदी सरळ होती: प्रोसेसर जितका सावकाश, तितका खर्च कमी. ती अर्धीच खरी निघाली. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी शक्ती ही धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता (प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. नुसती वारंवारता निम्मी केली, तर शक्ती निम्मी होते खरी, पण तेच काम उरकायला वेळ दुप्पट लागतो, म्हणजे त्या कामापुरती ऊर्जा होती तेवढीच राहते. खरा लाभ होतो तो वारंवारतेबरोबर व्होल्टेजही उतरवता येते म्हणून, कारण तिथे वर्ग आहे. परंतु व्होल्टेजला तळ असतो, आणि एकदा त्या तळाला टेकल्यावर वेग आणखी उतरवणे म्हणजे काम नुसते लांबवणे होय. आणि ते काम लांबत असताना पडदा, मेमरी, वाय-फाय ही मंडळी आपापला वाटा घेतच राहतात. उलट टोकाला, सर्वोच्च वेगासाठी व्होल्टेज चढवावे लागते आणि तिथे प्रत्येक कामाची किंमत वाढते. म्हणून मध्यम वेगाने काम झटपट संपवावे आणि मग प्रोसेसरला गाढ झोपू द्यावे, हे पुष्कळदा किफायतीचे ठरते.

झोपेच्या पायऱ्या असतात. काम करतानाची अवस्था सी-शून्य, नुसते थबकणे सी-एक, आणि त्याखाली अधिकाधिक गाढ अवस्था, ज्यांत प्रोसेसरच्या गाभ्याचे (कोअरचे) घड्याळ थांबते आणि पुढे व्होल्टेजही काढून घेतले जाते. जितकी झोप गाढ, तितका तिच्यात शिरायला आणि बाहेर यायला वेळ अधिक लागतो. म्हणून पुढचे काम केव्हा येईल याचा अंदाज बांधून कर्नल पायरी निवडतो. दर दोन-चार मिलिसेकंदांना कोणी ना कोणी दार ठोठावणार असेल, तर तो शहाणपणाने उथळ पायरीवरच थांबतो. सगळे गाभे एकदम झोपले तरच आख्खी चिप खोल उतरते, त्यामुळे एकच चुळबुळ्या प्रोग्रॅम सगळ्यांची झोप मोडायला पुरेसा होतो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये तर एके काळी ही चुळबूळ मुळातच होती. काम असो वा नसो, घड्याळाचा ठोका पडतच असे, आणि कर्नल जसा बांधला असेल त्याप्रमाणे तो सेकंदाला 100, 250 किंवा 1000 वेळा पडे. रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरसाठी हा ठोका थांबवण्याची सोय 2007 साली 2.6.21 या आवृत्तीत आली. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप हे साधन प्रसिद्ध केले, आणि कोणता प्रोग्रॅम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो याची यादी प्रथमच सहज समोर येऊ लागली. ठोका थांबल्यावर उरलेली खुडबूड कोणाची हे उघडे पडले. खोलीतला पंखा बंद झाल्यावर नळाची टपटप ऐकू यावी, तशी ती यादी होती.

पॉवरटॉपमध्ये सगळ्या शिफारशी एकदम लागू करणारा एक पर्याय आहे, आणि तो मी अर्थातच वापरला. पुढचे तीन दिवस माझा माउस दर थोड्या वेळाने मरायचा आणि हलवल्यावर क्षणभर विचार करून जिवंत व्हायचा, कारण यूएसबीवरची उपकरणे दोन सेकंद रिकामी राहिली की त्यांना झोपवायचे, हा नियम त्यालाही लागू झाला होता. बरे, हे बदल पुन्हा चालू केल्यावर टिकत नाहीत, त्यामुळे संगणक बंद करून सुरू केला की माउस शहाणा होई आणि मला वाटे की दोष गेला. मी पुन्हा तो पर्याय चालवी, आणि मग पुन्हा तेच होई.

त्यानंतर मी टीएलपी हे वीज वाचवणारे साधन बसवले, आणि तिथे माझ्या हातून खरी चूक झाली. टीएलपी या साधनाची एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे लोक त्याला डीमन म्हणत असले तरी ते डीमन नाही. चार्जर लावला किंवा काढला की कर्नलकडून वर्दी मिळते, टीएलपी उठते, ठरलेल्या सेटिंगच्या खुंट्या पिळते आणि निघून जाते. प्रक्रियांच्या यादीत शोधायला गेलात तर सापडत नाही. बॅटरी 80 टक्क्यांपर्यंतच भरावी, असे सांगायचे असेल, तर तेही ते लॅपटॉपच्या कंट्रोलरला एकदाच सांगते, आणि पुढचे पालन कंट्रोलर स्वतः करतो. लिथियम-आयन बॅटरी कायम काठोकाठ भरलेली ठेवली तर लवकर म्हातारी होते, म्हणून ही मर्यादा ज्या लॅपटॉपमध्ये घालता येते त्यांत जरूर घालावी.

चूक अशी, की माझ्या डेस्कटॉपबरोबर याच कामाचा पॉवर प्रोफाइल्स डीमन आधीच आलेला होता आणि तो बंद न करता मी टीएलपी चालू केले. दोन्ही साधनांची कागदपत्रे नीट वाचली असती तर हे टळले असते. इंटेलच्या प्रोसेसरला ‘वेग प्रिय की बचत प्रिय’ हे सांगणारी एक खुंटी असते. टीएलपी तिला बचतीकडे पिळे, आणि मी डेस्कटॉपच्या मेनूत काही निवडले की डीमन ती दुसरीकडे पिळे. दोघांपैकी कोणाचीही तक्रार लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, नव्हती, कारण दोघांच्या दृष्टीने त्यांचे काम फत्ते झाले होते. चार्जर काढल्यावर संगणक कधी गोगलगायीसारखा चाले, तर कधी पंखा सुसाट सुटे, आणि यामागे काही नियम सापडेना. एका वेशीवर दोन जागल्ये ठेवले की रात्री कडी कोणी लावायची हे ठरत नाही. डीमन कायमचा बंद केला त्या दिवशी ही कटकट संपली. पण तोवर दोन आठवडे मी दोष बॅटरीच्या माथी मारत होतो, हेही लिहून ठेवले पाहिजे.

याच सुमारास दुसऱ्या, जुन्या लॅपटॉपवर मी ओपनबीएसडी ही युनिक्सच्या कुळातली ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. तिथला वीज सांभाळणारा डीमन एपीएमडी. त्याचे नाव एपीएमवरून आलेले आहे, म्हणजे इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1992 साली आणलेल्या त्या जुन्या व्यवस्थेवरून, ज्यात वीजेचे बहुतेक निर्णय बायोस, म्हणजे संगणकाच्या बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम, घेई. 1996 च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय ही नवी व्यवस्था आणली आणि निर्णयाची सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेली. ओपनबीएसडीवाल्यांनी आतले सगळे बदलले आणि दारावरची पाटी तशीच ठेवली. मला हे आवडले; पाटी बदलली असती तर वीस वर्षांची सवय झालेल्या लोकांनी आज्ञा शोधत बसायचे, याला काही अर्थ नव्हता.

बसवणे म्हणाल तर तीन ओळींचे. डीमन चालू-बंद करणाऱ्या आरसीसीटीएल या आज्ञेला सांगायचे की एपीएमडी कायम चालू असावा, त्याला मोठ्या लिपीतल्या ‘ए’चा पर्याय द्यावा, आणि आता तो सुरू करावा. हा ‘ए’ म्हणजे स्वयंचलित: कामाचा भार पाहून प्रोसेसरचा वेग चढवावा आणि उतरवावा. पूर्वी हा भार मोजण्याचे आणि वेग ठरवण्याचे काम डीमन स्वतः करत असे. पुढे ते कर्नलमध्ये हलवले गेले आणि डीमनकडे धोरण सांगण्यापुरता अधिकार उरला. मला यात पदावनती दिसत नाही. भार कर्नलला आधीच ठाऊक असतो. तो बाहेरून पुनःपुन्हा विचारत बसणारा मधला माणूस कमी झाला, एवढेच.

फ्रीबीएसडी या भावंड सिस्टिममधला पॉवरडी हा याच कामाचा दुसरा नमुना. तो 2005 साली 6.0 या आवृत्तीबरोबर आला. कॉलिन पर्सिव्हल यांनी आधी लिहिलेल्या एका साधनावर तो उभा आहे, आणि नेट लॉसन यांनी त्याला आजचे रूप दिले. तो मूळ सेटिंगप्रमाणे दर 250 मिलिसेकंदांनी भार पाहतो, म्हणजे सेकंदाला चार वेळा आणि दिवसाला 345600 वेळा. वेग बदलायचा तर इतके डोळस असावे लागते, हे मान्य. आणि सेकंदाला चार ठोके आजच्या प्रोसेसरला जड नाहीत, हेही मान्य. तरी हा आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो खांब आलाच.

एपीएमडीची बॅटरी पाहण्याची फेरी मात्र मूळ सेटिंगप्रमाणे 600 सेकंदांची असते, म्हणजे दिवसाला 144 चौकश्या. एवढ्यावर भागते, कारण महत्त्वाच्या गोष्टी त्याला विचाराव्या लागत नाहीत. चार्जरची पिन निघते तेव्हा लॅपटॉपमधला कंट्रोलर प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातचे काम थांबवून लक्ष वेधणारा इशारा, देतो, कर्नल एसीपीआयची संबंधित पद्धत चालवून काय झाले ते जाणून घेतो, आणि मग झोपून राहिलेल्या एपीएमडीला उठवतो. पिन काढल्यावर लॉगमध्ये ओळ उमटायला किती वेळ लागतो ते मी पाहिले आहे. हात टेबलावर परत येण्याआधी ती उमटलेली असते. सावकाश उतरणारा टक्का तेवढा असा ओरडून सांगत नाही, म्हणून त्याच्यासाठी फेरी.

आणि नेमके तिथेच मी आपटलो. एपीएमडीला लहान लिपीतला ‘झेड’ आणि एक टक्का दिला, तर चार्जर नसताना बॅटरी तेवढी उतरली की तो संगणक झोपवतो. मोठ्या लिपीतला ‘झेड’ दिला तर तो सगळी मेमरी डिस्कवर उतरवून संगणक पूर्ण बंद करतो. आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षर नसल्यामुळे हा फरक मराठीत सांगताना उगाचच शब्द वाढतात, पण तो फरक जीवनमरणाचा आहे. मी लहान ‘झेड’ आणि दहा टक्के असे लिहून निश्चिंत झालो. एका रात्री लेखाचा दीड तासाचा मजकूर न साठवता उघडा ठेवून मी उठलो. डीमनने सांगितल्याप्रमाणे बॅटरी उतरताच संगणक झोपवला. आता साधी झोप म्हणजे मेमरीला वीज चालू ठेवणे. प्रोसेसर, पडदा, डिस्क थांबतात, पण मेमरीतली अक्षरे टिकवायला थेंब थेंब वीज लागतेच. ती थेंबाथेंबाने सकाळपर्यंत संपली, आणि तिच्याबरोबर माझा मजकूरही. डीमनने आज्ञा तंतोतंत पाळली होती. दहा टक्क्यांवर झोपवणे म्हणजे संकट टाळणे नव्हे, ते पहाटेपर्यंत पुढे ढकलणे, हे मी आज्ञा देताना ध्यानात घेतले नव्हते.

मग मोठा ‘झेड’ लावायला गेलो, तर डिस्कचे विभाग पाडताना स्वॅपच्या, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेच्या, बाबतीत मी हात आखडता घेतलेला. मेमरी डिस्कवर उतरवायची ती स्वॅपमध्ये, आणि माझ्याकडे आठ गिगाबाइट मेमरीला दोन गिगाबाइट स्वॅप. शेवटी सगळे पुसून नव्याने बसवले. जे सोय म्हणून आधी ठरवायचे असते ते आपण जागा वाचवण्याच्या नादात राहू देतो, आणि नंतर सगळे घर उचकटतो.

टक्का किती ठेवावा, याचा हिशेब या वेळी मात्र कागदावर केला. बॅटरी 50 वॅट-तासांची आहे आणि खर्च 10 वॅट आहे असे धरले, तर दहा मिनिटांच्या एका फेरीत साधारण 1.7 वॅट-तास जातात, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडे अधिक. काही मोठे संकलन (प्रोग्रॅमचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणे) चालू असेल आणि खर्च 25 वॅटवर गेला असेल, तर त्याच फेरीत आठ टक्क्यांहून अधिक जातात. म्हणजे सहा टक्के असताना फेरी झाली आणि उंबरठा पाचचा असेल, तर पुढची फेरी होईपर्यंत बॅटरी संपलेली असणार. त्यात बॅटरी जुनी असली की शेवटचे टक्के बेभरवशाचे होतात. नऊवरून एकदम तीनवर घसरण मी पाहिली आहे. मेमरी डिस्कवर लिहायलाही वेळ आणि वीज लागते, ती वेगळी. मी उंबरठा 15 टक्क्यांवर नेला आणि फेरी दोन मिनिटांवर आणली. दिवसाला 720 चौकश्या झाल्या. जागल्याला थोडे अधिक फिरवावे लागले, पण यावेळी ते कशासाठी हे मला माहीत होते.

झाकण मिटल्यावर काय करायचे, हे डीमनला विचारावे लागत नाही. ते कर्नलच्या एका चलात 0, 1 किंवा 2 लिहून ठरते, आणि अनुक्रमे काहीच नाही, झोप, आणि डिस्कवर उतरवून बंद असे त्याचे अर्थ आहेत. हाताने झोपवायचे असेल तर तीनदा लहान ‘झेड’ लिहायचे, पूर्ण बंद करायचे तर तीनदा मोठा. आज्ञेचे नाव घोरण्याच्या आवाजावर ठेवणारा माणूस कोणत्याही संघात एक तरी असावा.

राहिले पडद्याला कुलूप लावणे. संगणक झोपण्याआधी, उठल्यावर, चार्जर लावल्यावर आणि काढल्यावर एपीएमडी ठरावीक नावांच्या स्क्रिप्ट चालवतो. त्या असल्या तर चालवतो, नसल्या तर गप्प राहतो. त्यांची निर्देशिका (फोल्डर) आपणच तयार करायची असते. झोपण्याआधीच्या स्क्रिप्टमध्ये मी दोनच ओळी लिहिल्या, ज्यांनी एक्सआयडल या प्रोग्रॅमला इशारा जावा आणि त्याने पडद्याला कुलूप घालावे. झाकण मिटून उघडले, तर पडदा सताड उघडा. ओळी तपासल्या, हाताने चालवून पाहिल्या, तर कुलूप लागत होते. झाकणाने मात्र लागत नव्हते. हाताने चालवताना मी शेलला, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, फाईलचे नाव देत होतो, त्यामुळे ती फाईल स्वतः चालवण्याजोगी आहे की नाही याने फरक पडत नव्हता. डीमनला पडत होता. चालवण्याची परवानगीच दिलेली नव्हती. एका आज्ञेने ती दिली आणि काम झाले. त्या तासाभरात मी एसीपीआयपासून ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपर्यंत सर्वांवर संशय घेऊन झाला होता.

चार्जर काढल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पडद्याची प्रखरता 40 टक्के करणारी एक ओळ घातली, आणि खरे सांगायचे तर सबंध खटाटोपात सर्वांत अधिक वीज त्या एका ओळीने वाचवली. त्या जुन्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर रिकामा असताना पडदाच सर्वांत मोठा खादाड असतो. वेग, पायऱ्या, खुंट्या यांच्यामागे मी महिनाभर धावलो होतो, आणि खाणारा डोळ्यांसमोर उजेड पाडून बसला होता.

सगळे जागच्या जागी बसल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा मोजमापाला बसलो, यावेळी शहाणपणाने: सुरुवातीला एकदा टक्का पाहिला, दोन तासांनी एकदा पाहिला, आणि मधल्या वेळात संगणकाला हात लावला नाही. अपेक्षेपेक्षा उतार जास्त होता. डीमन निर्दोष होता; लॉगमध्ये चार्जर काढल्याची एक ओळ आणि टक्का उतरल्याच्या काही मोजक्या ओळी, बाकी शांतता. म्हणून मग चालू प्रक्रियांची यादी उघडून पाहत राहिलो, आणि त्या यादीत दर सेकंदाला काही नावे चमकून नाहीशी होताना दिसली. क्रमांक भराभर वाढत होते.

ती माझीच स्क्रिप्ट होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात वेळ आणि बॅटरीचा टक्का दाखवणारी, काही वर्षांपूर्वी कौतुकाने लिहिलेली आणि प्रत्येक नव्या लॅपटॉपवर न वाचता उतरवून घेतलेली. दर सेकंदाला ती एपीएम ही आज्ञा चालवे, तिचे उत्तर दुसऱ्या प्रोग्रॅमला देऊन त्यातून टक्का कापून घेई, तिसऱ्याकडून वेळ विचारी, कोपरा नव्याने रंगवी, आणि मग एक सेकंद झोपणारा चौथा प्रोग्रॅम सुरू करी. दिवसाला 86400 चौकश्या, म्हणजे दोन मिनिटांची फेरी मारणाऱ्या डीमनच्या बरोबर 120 पट. आणि हे सगळे एक असा आकडा ताजा ठेवण्यासाठी, जो प्रत्यक्षात काही मिनिटांतून एकदा बदलतो.

मी ती स्क्रिप्ट काढून टाकली. वेळ दाखवायला एक साधे घड्याळ ठेवले आहे, ज्यात सेकंदांचा काटा नाही. टक्का जाणून घ्यायची लहर आली, तर टर्मिनलमध्ये एपीएम असे लिहितो; बॅटरी किती उरली, अंदाजे किती मिनिटे पुरेल, चार्जर जोडलेला आहे की नाही आणि वेग कसा ठरतो आहे, एवढे थोडक्यात उत्तर येते. पहिल्या आठवड्यात दिवसातून पंधरा-वीस वेळा लिहीत होतो. आता दोन-तीनदा लिहितो, त्यातही एकदा तरी निव्वळ सवयीने.